बाबांसाठी विसाव्या शतकातला एक 'गाणारा' कन्चेर्टो हवाय. कुठलं रेकॉर्डिंग?

सुरपेटी

मंडळी, जरा मदत हवी आहे.

बाबा ७६ वर्षांचे. बँकेतली नोकरी सांभाळून आयुष्यभर व्हायोलिन वाजवलं. आपल्या पद्धतीचं, म्हणजे मांडी घालून, वाद्याचं डोकं उजव्या पावलावर टेकवून. बैठकी फारशा नाहीत; भजन, नाट्यसंगीत आणि गावच्या उत्सवात साथ. चार वर्षांपासून बोटांच्या सांध्यांनी दगा दिल्यामुळे वाजवणं बंद. वाद्य कपाटावर, पेटीत.

मला स्वतःला पाश्चात्त्य संगीताचा नाद कॉलेजपासून. गेल्या रविवारी मोठ्या उत्साहाने त्यांना एक कन्चेर्टो (एक वादक पुढे, ऑर्केस्ट्रा साथीला, अशी रचना) ऐकवला. कुठला ते सांगत नाही, मारायला धावाल. पाच मिनिटं ऐकून म्हणाले, "हात तयार आहे पोराचा. पण हे पळतंय रे, गात नाहीये." आणि टीव्हीचा रिमोट उचलला.

ते वाक्य डोक्यात बसलंय. तर प्रश्न असा: विसाव्या शतकातला, पण रोमँटिक वळणाचा, म्हणजे एल्गार, सिबेलियस, बार्बर, कोर्नगोल्ड ह्या संगीतकारांपैकी असा कुठला कन्चेर्टो आणि त्याचं कुठलं रेकॉर्डिंग ऐकवू, की बाबांना 'गातंय' असं म्हणावं लागेल? व्हायोलिनच हवं असं नाही. चेलो, व्हायोलाही चालेल. बाबांना श्रवणयंत्र आहे, त्यामुळे जुनी खरखरीत रेकॉर्डिंगं चालतील का, हीही शंका.

मंद्रातला_पंचम

ह्यात विचारायचं काय? एल्गारचा चेलो कन्चेर्टो, जॅकलीन द्यु प्रे, १९६५. लंडन सिंफनी, कंडक्टर सर जॉन बार्बिरोली. पोरगी तेव्हा वीस वर्षांची. पहिल्याच चार सुरावटींत बाबा रिमोट खाली ठेवतील. धागा बंद करायला हरकत नाही.

खवट_पुणेकर

एवढ्यात बंद? आम्ही आत्ता कुठे चहा टाकलाय.

मीनल_डोंबिवली

@मंद्रातला_पंचम +१. त्या रेकॉर्डिंगची एक गोष्ट मला फार आवडते. हा कन्चेर्टो १९१९च्या ऑक्टोबरात लंडनला पहिल्यांदा वाजला तेव्हा पार आपटला. कार्यक्रमातल्या बाकीच्या रचनांचा कंडक्टर वेगळा होता, त्याने तालमीचा बहुतेक वेळ स्वतःच खाल्ला आणि एल्गारच्या वाट्याला उरलंसुरलं आलं. त्या दिवशी ऑर्केस्ट्रात चेलो वाजवत बसलेला एक तरुण म्हणजे हेच बार्बिरोली. १९२१मध्येच त्यांनी बोर्नमथला हा कन्चेर्टो स्वतः एकल वाजवला. म्हणजे १९६५ साली द्यु प्रेच्या शेजारी उभा असलेला म्हातारा ही रचना बोटांनी ओळखत होता. साथ ऐका, कुठेही तिच्या पुढे जात नाही, कुठेही मागे राहत नाही.

खुंटी_पिळ

सगळे द्यु प्रे द्यु प्रे करतात, म्हणून मी मुद्दाम उलटं बोलतो. रेकॉर्डिंग थोर आहे, पण ती बाई दर स्वरावर जीव टाकते. प्रत्येक सूर अखेरचा असल्यासारखा. साथीला बसणाऱ्या माणसाला हे आवडेल का? साथ करणाऱ्याला संयम कळतो. मला विचाराल तर बिअट्रिस हॅरिसन, १९२८, खुद्द एल्गार कंडक्टर. त्यात गळे काढणं नाही. चालही बरीच सरळ आहे, पाणी वाहतं ठेवलंय.

(ही तीच बाई, जिने १९२४ साली बागेत बसून चेलो वाजवला आणि बीबीसीने तिच्याबरोबर नाइटिंगेल पक्ष्याचं गाणं थेट रेडिओवर सोडलं.)

मंद्रातला_पंचम

@खुंटी_पिळ, "गळे काढणं"? तुमच्या आयडीला जागलात.

तिला पुढे मल्टिपल स्क्लेरॉसिस (मज्जासंस्थेचा आजार) झाला, १९७३ नंतर वाजवता आलं नाही, १९८७ला गेली. हे ठाऊक असल्यामुळे आपण त्या रेकॉर्डिंगमध्ये नसलेलं दुःख ऐकतो, असं तुमचं म्हणणं असेल तर त्यात तथ्य आहे, कबूल. पण १९६५ साली हे तिलाही ठाऊक नव्हतं आणि लोकांनाही. तरी तेव्हाच लोक वेडे झाले होते.

डेसिबल

मी कानाच्या क्षेत्रातला, म्हणून श्रवणयंत्राबद्दल थोडं. सुरपेटी, हे आधी वाचा, रेकॉर्डिंग नंतर निवडा.

श्रवणयंत्र माणसाच्या बोलण्यासाठी बनवलेलं असतं. व्हायोलिनचा लांब, एकसारखा सूर आला की कित्येक यंत्रांना ती स्वतःचीच शिट्टी वाटते (यंत्र कानात नीट बसलं नाही की कुंई वाजतं ना, ती) आणि ते तो सूर दाबून टाकतं, नाहीतर थरथरवतं. बाबांना "पळतंय" वाटलं त्यात ह्याचाही हात असू शकतो! लांब सूर यंत्राने खाल्ले, राहिल्या फक्त ताना. ज्यांच्याकडून यंत्र घेतलंत त्यांच्याकडे जा आणि संगीतासाठी वेगळा प्रोग्राम टाकून मागा. त्यात शिट्टी दाबणं आणि गोंगाट कमी करणं बंद किंवा अगदी मंद ठेवतात. बहुतेक यंत्रांत सोय असते, विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही.

दुसरं. वय झालं की आधी वरचे, बारीक आवाज जातात. जुन्या तबकड्यांची खरखर बरीचशी त्याच पट्ट्यात असते. तुम्हाला-आम्हाला त्रास देणारी सुरसुर बाबांना कदाचित ऐकूच येणार नाही. तेव्हा जुनी रेकॉर्डिंगं बाद करू नका. चेलो-व्हायोला खालच्या पट्टीत असल्याने सोपे जातील, हे मात्र खरं.

खवट_पुणेकर

म्हातारपणाचा एक तरी फायदा निघाला. आमच्या हिला सांगतो.

सुरपेटी

@डेसिबल, अहो हे माहीतच नव्हतं! उद्याच फोन करतो. मनापासून आभार.

हिमालयन_अस्वल

द्यु प्रेबद्दल बोलून झालं असेल तर सिबेलियसकडे वळू या का? १९०४ साली हेलसिंकीत पहिला प्रयोग, तो काही धड झाला नाही. मग त्याने कात्री लावली आणि १९०५ला बर्लिनमध्ये नवं रूप वाजलं, कंडक्टर रिचर्ड स्ट्राउस. आज सगळे वाजवतात ते हे दुसरं.

रेकॉर्डिंग: जिनेट नव्हू, १९४५, फिलहार्मोनिया, कंडक्टर वॉल्टर ससकिंड. युद्ध संपून काही महिनेच झालेले. ही मुलगी १९३५ साली वॉर्साच्या विन्याव्स्की स्पर्धेत पहिली आली तेव्हा पंधरा वर्षांची होती, आणि दुसरा आला होता पुढे जगभर नाव झालेला डेव्हिड ओइस्त्राख! ओइस्त्राख दुसरा! १९४९मध्ये अझोर्स बेटांवर विमान कोसळलं, त्यात गेली. तिशीत. मागे राहिलेली रेकॉर्डिंगं इतकी थोडी, की एकेक जपून ऐकावं लागतं.

सुरुवात ऐका. ऑर्केस्ट्राची व्हायोलिनं हलक्या आवाजात थरथरतायत, त्यावर तिचा सूर येतो. थंड पण थिजलेला नाही. बाबांना आलाप वाटेल.

रोखठोक_रमा

व्हायोलिनवादक हायफेट्झचा उल्लेख न करता सिबेलियसवर बोलणं म्हणजे भीमण्णांचं नाव न घेता सवाई. १९३५चं कंडक्टर बीचमबरोबरचं आणि १९५९चं शिकागोचं, दोन्ही आहेत. १९५९चं तर स्टीरिओ, आवाज आजही ताजा.

हिमालयन_अस्वल

हायफेट्झ थोरच. पण ताई, धाग्याचा प्रश्न वाचा. "पळतंय" ही बाबांची तक्रार आहे, आणि तुम्ही त्यांना जगातला सगळ्यात वेगवान माणूस ऐकवायला निघालात. :)

रोखठोक_रमा

मुद्दा मान्य. पण तो पळताना गातो, हे एकदा नोंदवून ठेवते.

कळंगुटचो_पाव

माझे दोन पैसे. आमच्या गोव्यात चर्चच्या संगीतशाळेत पोराच्या हाती आधी कागद, मग व्हायोलिन. सोल्फेज (स्वरलिपी वाचून गाण्याचे धडे) पाठ झाल्याशिवाय गजाला हात नाही. तिथून तयार झालेली माणसं मुंबईला स्टुडिओंत गेली, आणि हिंदी सिनेमातली व्हायोलिनांची जी लाट आपण ऐकतो तिच्यात अर्धं गोवा आहे. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे त्यातलं मोठं नाव, प्यारेलालांचे गुरू.

हे सांगायचं कारण कोर्नगोल्ड. हा व्हिएन्नाचा, लहानपणी चमत्कार म्हणून गाजलेला, हॉलिवूडमध्ये सिनेमाला संगीत द्यायला गेला आणि हिटलरमुळे तिथेच अडकला. युद्ध संपत आल्यावर स्वतःच्याच चित्रपटांतल्या सुरावटी घेऊन त्याने हा व्हायोलिन कन्चेर्टो बांधला. १९४७ला सेंट लुईसमध्ये हायफेट्झने पहिल्यांदा वाजवला, १९५३ला रेकॉर्ड केला. न्यूयॉर्कच्या समीक्षकाने नावावर कोटी करून टर उडवली: ह्यात सोन्यापेक्षा मका जास्त! पुढे बरीच वर्षं हा 'सिनेमावाला कन्चेर्टो' म्हणून वळचणीला पडला. आता सगळे वाजवतात. सिनेमात वाजवणाऱ्याला लोक दुय्यम समजतात, ते तिथेही आणि इथेही.

बाबांनी नाट्यसंगीताला साथ केलीय ना? मग त्यांना चाल लागते. कोर्नगोल्डमध्ये चालच चाल आहे.

मीनल_डोंबिवली

@कळंगुटचो_पाव, दोन पैसे नाही, दोन रुपये वसूल झाले.

नवखा_७१

क्षमस्व, बाळबोध प्रश्न. चेलो-व्हायोलाही चालत असतील तर सतार का नाही? रविशंकरांचा सतार कन्चेर्टो आहे की. १९७१, लंडन सिंफनी, आंद्रे प्रेव्हिन. दुसरा झुबिन मेहतांबरोबर. बाबांना एकदम ओळखीचं वाटेल.

खवट_पुणेकर

ओळखीचं वाटेल, हीच तर अडचण. बाबा पहिल्या मिनिटाला म्हणतील, "मग सरळ रविशंकरच लाव ना. मागे हे इतके लोक कशाला बसवलेत?"

खुंटी_पिळ

हाहाहा. आणि त्याला आपल्याकडे उत्तर नाही.

व्हायोलाचं नाव कोणी काढलं नाही म्हणून काढतो. वॉल्टनचा व्हायोला कन्चेर्टो, १९२९. लायनल टर्टिस हा तेव्हाचा इंग्लंडमधला सगळ्यात मोठा व्हायोलावादक, त्याला डोळ्यापुढे ठेवून लिहिलेला. टर्टिसने परत पाठवला, फार आधुनिक म्हणून. शेवटी जर्मनीहून हिंडेमिथ आला आणि त्याने वाजवला. टर्टिस श्रोत्यांत होता, पस्तावला, पुढे स्वतः वाजवू लागला. मोठ्या वादकाने चूक उघड कबूल केल्याची उदाहरणं आपल्याकडे किती?

रोखठोक_रमा

अवांतर: ते 'कन्चेर्टो' की 'कॉन्सर्टो'?

खवट_पुणेकर

आली. मी तिसऱ्या प्रतिसादापासून ह्याचीच वाट बघत होतो.

कळंगुटचो_पाव

इटालियन शब्द, 'च' आहे. पण मुंबईत 'कॉन्सर्टो' म्हणालात तरी तिकीट देतात.

जुनी_तबकडी

बरेच दिवसांनी लिहितोय. वय ७२, म्हणजे धागाकर्त्याच्या वडिलांच्या बरोबरीचा. सगळे प्रतिसाद वाचले. सगळ्यांनी रचना सुचवल्या, पण 'गाणं' म्हणजे नेमकं काय, ह्याकडे कोणी वळलं नाही.

आपल्या कानाला गाणं कशाने वाटतं? एका सुरावरून दुसऱ्यावर जाताना मधली वाट ऐकू येते त्याने. मींड. आपलं बोट तारेवरून घसरत जातं. पाश्चात्त्य वादक आज बोट उचलतो आणि नेमकं पुढच्या जागी ठेवतो. मधलं काही ऐकू आलं तर त्याला तो अस्वच्छपणा समजतो. पण हे पहिल्यापासून असं नव्हतं! विसाव्या शतकाच्या पहिल्या तीस-चाळीस वर्षांतल्या तबकड्या ऐका. एकलवादक सोडाच, ऑर्केस्ट्रातले सगळे व्हायोलिनवाले एकदम घसरतात. एल्गारने स्वतः कंडक्ट केलेल्या तबकड्यांत हे सरळ कानावर येतं. ती तेव्हाची शैलीच होती. युद्धानंतर हळूहळू धुऊन काढली गेली.

म्हणून माझं मत: बाबांना जुनंच ऐकवा. एल्गारचा व्हायोलिन कन्चेर्टो (चेलोचा नव्हे), येहुदी मेन्युहिन, १९३२, कंडक्टर स्वतः एल्गार. मेन्युहिन सोळा वर्षांचा, एल्गार पंचाहत्तरचा. हा कन्चेर्टो १९१०मध्ये क्रायस्लरने पहिल्यांदा वाजवला होता, त्यालाच अर्पण केलेला. एचएमव्हीला त्याचंच रेकॉर्डिंग हवं होतं, ते कधी जमलं नाही, मग ह्या पोराला बोलावलं. आधी पियानोच्या साथीवर तालीम ठेवली. मेन्युहिननेच सांगितलेली हकीकत अशी, की त्याने जेमतेम पहिली पानं वाजवली आणि म्हातारा म्हणाला, झालं, मला काही सांगायचं नाही, मी घोड्यांच्या शर्यतीला चाललो!

उघडतो कसा बघा. ऑर्केस्ट्रा तीनेक मिनिटं एकटाच बोलतो, आणि वाक्य संपवता संपवता थांबतो. ते वाक्य व्हायोलिन पुरं करतं, खालच्या तारेवर, हळू. साथसंगत केलेल्या माणसाला ही जागा कळल्याशिवाय राहणार नाही.

ह्याच मेन्युहिनला १९५२ साली मुंबईत आपले पुण्याचे योगाचार्य बी. के. एस. अय्यंगार भेटले. पुढे त्याने त्यांना एक घड्याळ दिलं, त्यावर कोरलं होतं: माझ्या सर्वोत्तम व्हायोलिन-शिक्षकास. आमच्या घरी ही गोष्ट आधी आली, तबकडी नंतर.

मंद्रातला_पंचम

जुनी_तबकडी, दंडवत. मींडेचा मुद्दा शंभर टक्के. आणि माझं घोडं पुढे दामटायचं तर द्यु प्रेही सढळ हाताने घसरते, १९६५ साली! त्या काळी ती जुनाटच म्हणायची.

खुंटी_पिळ

मुद्दा पटला, सूचना नाही. एल्गारचा व्हायोलिन कन्चेर्टो पन्नास मिनिटांचा आहे हो. पहिल्यांदाच ऐकणाऱ्या माणसाला पन्नास मिनिटं? बार्बरचा द्या. १९३९चा, पंचवीसच्या आत संपतो. प्रस्तावना नाही, काही नाही, पहिल्याच क्षणी व्हायोलिन गायला लागतं. दुसरा भाग ओबोने सुरू होतो, आपल्या सनईच्या जातीचं वाद्य. आयझॅक स्टर्न आणि बर्नस्टीन, १९६४. फक्त तिसऱ्या भागाआधी बंद करा. तो चार मिनिटांचा आहे आणि नुसता पळतो, बाबांची तक्रार खरी ठरेल.

मीनल_डोंबिवली

रचना अर्धवट बंद करायची? हा कुठला न्याय? ख्याल ऐकून द्रुत बंद करता का?

खुंटी_पिळ

कंटाळा आला तर करतो.

हिमालयन_अस्वल

पन्नास मिनिटांवरून: एल्गार पटकन संपवायचा असेल तर हायफेट्झ आहे, १९४९, कंडक्टर माल्कम सार्जंटबरोबर. आठ-नऊ मिनिटं सहज वाचतात. रमाताई खूश.

रोखठोक_रमा

मी काही बोललेच नाही!

जुनी_तबकडी

घाई करू नका. त्या पन्नास मिनिटांत शेवटच्या भागात जे आहे त्यासाठी बाकीचं ऐकायचं. सांगून टाकत नाही. सुरपेटी, फक्त एवढं करा: जमलं तर हाच कन्चेर्टो नव्या रेकॉर्डिंगमध्येही जवळ ठेवा. नायजेल केनेडी आणि व्हर्नन हँडली, १९८४, किंवा हिलरी हान आणि कॉलिन डेव्हिस. शेवटच्या भागात जुन्या तबकडीला एक गोष्ट नीट पकडता आलेली नाही.

नवखा_७१

आता उत्सुकता ताणून झाली. वाचनखूण साठवली.

(अकरा दिवसांनंतर)

सुरपेटी

मंडळी, वृत्तांत. जरा लांबलंय.

आधी यंत्र. संगीताचा प्रोग्राम खरंच होता, आधीपासून, कोणी चालूच केला नव्हता. बटण दोनदा दाबायचं, बस. डेसिबलसाहेब, घरी या, पुरणपोळी.

शनिवारी दुपारी द्यु प्रे लावली. बाबा शेवटपर्यंत बसले. म्हणाले, "चांगली आहे. रडते फार." खुंटी_पिळ, तुमच्याशी त्यांचं जमेल.

रविवारी मेन्युहिन. सुरुवातीची तीन मिनिटं बाबांनी चष्मा पुसण्यात घालवली. व्हायोलिन आलं तेव्हा हात थांबला. मग डावा हात मांडीवर आला आणि बोटं हलायला लागली. वाकडी झालीयत, पण चालत होती. दोन-तीनदा "हं" असं आलं, तेही घसरण्याच्या जागांवर, मी मुद्दाम लक्ष ठेवून होतो. एकदा म्हणाले, "वय काय याचं?" सोळा म्हटल्यावर काही बोलले नाहीत. दुसऱ्या भागात चक्क झोपले. मी हलवलं नाही. तिसऱ्या भागाच्या धडधडीने जागे झाले आणि म्हणाले, "पळायला लागला बघ."

आणि मग ती शेवटाजवळची जागा आली. जुनी_तबकडी, मी हा कन्चेर्टो आधी चार-पाचदा ऐकलाय हो, पण ते असं कधी ऐकलं नव्हतं. ऑर्केस्ट्रा बसतो, व्हायोलिन एकटंच मागच्या सुरावटी आठवत राहतं, आणि पाठीमागे तारांचा एक गुंजारव. १९३२च्या तबकडीत तो अगदी पुसट. बाबा पुढे वाकले, म्हणाले, "मागे काय आहे? नीट लागत नाहीये." म्हणून तेवढाच भाग केनेडीच्या सीडीवर लावला.

बाबा म्हणाले, "तानपुरे आहेत की रे."

मी म्हटलं, नाही, व्हायोलिनंच आहेत, ते लोक... आणि मला सांगता येईना ते कसं वाजवतात. जाणकारांनी सांगावं. बाबा अडून बसलेत की कोणीतरी चोरून तानपुरा लावलाय.

जुनी_तबकडी

वा! वा! ह्याचसाठी थांबलो होतो.

चोरून नाही. एल्गारने स्वरलिपीतच लिहून ठेवलंय: गज बाजूला ठेवा, आणि तीन-चार बोटांच्या मऊ पेरांनी तारांवरून हलकेच छेडत राहा. नखाने नाही, पेराने. तानपुरा छेडणाऱ्याला ह्याहून वेगळं काय सांगतात? त्याने तानपुरा कधी ऐकला होता असं नाही. एकलवादक मागचं आठवतोय आणि त्याच्या पाठीशी सूर भरून हवाय, एवढीच दोघांची गरज एक.

हा आवाज जुन्या यंत्रांना पकडताच यायचा नाही. १९१६ साली मेरी हॉल ह्या बाईंना घेऊन एल्गारने कन्चेर्टोची काटछाट करून पहिल्यांदा तबकड्या केल्या. तेव्हा मायक्रोफोन नव्हता, कर्ण्यासमोर वाजवायचं. गुंजारव ऐकू येईना म्हणून त्या जागी त्याने चक्क हार्प घातली. १९३२पर्यंत मायक्रोफोन आला होता, तरी पुसटच.

रोखठोक_रमा

अंगावर काटा. आत्ता लावून ऐकलं, खरंच तानपुरा आहे.

खवट_पुणेकर

मीही ऐकलं. (नोंद: मी कौतुक केलेलं नाही.)

मंद्रातला_पंचम

पण मूळ प्रश्नाचं काय? बाबा "गातंय" म्हणाले की नाही?

सुरपेटी

विचारलं सरळ. म्हणाले, "पोरगं गातंय. पण बांधणारा फार लांबवतो. आणि तो तानपुरा शेवटी कशाला, पहिल्यापासून का नाही लावला?" ह्यावर काय बोलणार!

तुलनाही करून घेतली त्यांच्याकडून. साथ केनेडीच्या सीडीतली स्पष्ट, पण व्हायोलिन त्या सोळा वर्षांच्या पोराचंच बरं, असा निकाल आहे. दोन्ही एकत्र मिळेल का, असं विचारत होते. काल पुन्हा मेन्युहिन लावायला लावला, फक्त पहिला भाग.

आता नवीन काम निघालंय. आज सकाळी कपाटावरची पेटी खाली काढायला सांगितली. ती सुरुवातीची खालच्या तारेवरची जागा त्यांना आपल्या पद्धतीने जुळवलेल्या तारांत कुठे बसते ते बघायचंय. बाबा प-सा-प-सा लावतात. पेटी उघडली तर घोडी (तारांखालची लाकडी पट्टी) आडवी पडलेली, दोन तारा तुटलेल्या आणि दोन खुंट्या जाम, फिरतच नाहीत. जोर लावायला भीती वाटते. काय करू?

कळंगुटचो_पाव

जोर अजिबात नको, खुंटी मोडेल. हलकेच फिरवत फिरवत बाहेर ओढून काढा, कोरड्या फडक्याने पुसा. घासल्या जागी आधी कोरडा साबण किंचित, त्यावर शाळेतला पांढरा खडू. एकट्या साबणाने सरकत राहील, एकट्या खडूने पुन्हा अडकेल. दोन्ही लागतं. आमचे मेस्त (संगीतशाळेतले गुरुजी) हेच करायचे.

आणि घोडी उभी करायच्या आधी आत डोकावून बघा, मधला छोटा दांडा उभा आहे ना. तो पडला असेल तर तारा ताणू नका, सरळ कारागिराकडे न्या.

खवट_पुणेकर

संगीताचा धागा शेवटी साबणावर आला. ॲडमिन झोपलेत का?

सुरपेटी

दांडा उभा आहे! खडू शेजारच्या पोरीकडून आणलाय, गुलाबी मिळाला. चालेल का?

कळंगुटचो_पाव

चालेल.